दोन बोटांची जागा

श्रोतेहो, नमस्कार. थंडीत आपण कपडे घालतो ते थंडी वाजू नये म्हणून. आणि छान दिसायचं? ते पुष्कळ जण उन्हाळ्यावर ढकलतात. ऊब हवी तर गाठोड्यासारखं दिसायचं आणि रुबाब हवा तर कुडकुडायचं, असं ठरूनच गेलंय. मला हे अजिबात मान्य नाही. का, ते कळायला माझ्या मावशीची गोष्ट ऐकावी लागेल.

मी तेव्हा विशीत होते. मैत्रिणीच्या गच्चीवर संध्याकाळी कवितावाचन होतं आणि मीही वाचणार होते. त्यासाठी खास कोट शिवून घेतला होता. गडद हिरवा, कमरेत नेमका बसणारा. थंडी कडाक्याची, म्हणून आत एकावर एक तीन जाड स्वेटर चढवले. कोटाची बटणं श्वास रोखून लावली. कोपरं वाकेनात. काखेपासून चुण्या पडल्या, त्या पार कमरेपर्यंत. कोटाचा घाटच गेला. तयारीच्या धावपळीत घाम आला होता. जरा वाऱ्यात उभं राहावं म्हणून अंगणात गेले आणि दहा मिनिटांत हुडहुडी भरली. तीन स्वेटर, वर कोट, तरी दातावर दात वाजताहेत!

मावशी तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. तिचा जन्म शिवणयंत्रावर गेलेला. तिने काही विचारलं नाही. माझा हात धरला आणि मनगटापाशी बाहीत दोन बोटं सरकवायला गेली. बोटं जाईनात.

"अगं, हवेला जागा कुठे ठेवलीस? काढ सगळं."

एकेक करत सगळं उतरवलं. सगळ्यात आत सुती बनियन होती, पाठीवर ओलीचिंब. मावशीने ती चिमटीत धरून माझ्यासमोर धरली. "थंडी इथून वाजतेय." मग स्वतःच्या पिशवीतून तिने एक पातळ लोकरी स्वेटर काढला. राखाडी, इतका मऊ की उघड्या अंगावर घालता यावा. आत तो. त्यावर माझा नेहमीचा शर्ट. त्यावर माझ्या तिघांतला सगळ्यात पातळ स्वेटर, सैलसर. आणि वर कोट. बटणं अलगद लागली. तिने पुन्हा बाहीत दोन बोटं घातली. ती आत गेली. मग कुठे ती हसली.

निघताना तिने स्वतःचा मोहरीच्या रंगाचा मफलर माझ्या गळ्यात घातला. एक सैल वेढा, दोन्ही टोकं कोटाच्या आत. "बघणाऱ्याची नजर आधी गळ्याशी जाते," ती म्हणाली, "रंग तिथे ठेव, बाकी सगळं शांत असू दे." त्या रात्री गच्चीवर मी दीड तास होते. कागद धरलेला हात एकदाही थरथरला नाही.

आता यामागचं कारण. लोकर ऊब तयार करत नाही. ऊब आपलं शरीर तयार करतं. कपड्याचं काम एवढंच की, अंगाभोवतीची हवा जागेवर थांबवून ठेवायची. पुन्हा सांगते, थांबलेली हवा म्हणजे ऊब. स्वेटरवर स्वेटर दाबून बसवले की ती हवा निघून जाते. आणि ओलं कापड अंगाला लागलं तर ते उष्णता ओढून घेतं, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. सुती बनियन घाम धरून ठेवते आणि गार पडते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओल पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. म्हणून अंगालगत पातळ लोकर, मध्ये सैल थर, बाहेर वारा अडवणारं कापड. टोचते म्हणून लोकर नको म्हणणाऱ्यांनी मेरिनो, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढ्यांची मऊ लोकर, घालून पाहावी. तिचा तंतू बारीक असतो, साधारण 18 ते 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि टोचणं असतं ते जाड तंतूंचं.

आता थंडीच्या कपड्यांची नावं बघा. कार्डिगन, म्हणजे समोरून बटणं लावायचा स्वेटर. हे नाव एका ब्रिटिश लष्करी सरदाराच्या पदवीवरून आलंय. तो क्रिमियाच्या युद्धात होता, 1854 मध्ये. बालाक्लाव्हा ही तोंड झाकणारी कानटोपी त्याच युद्धातल्या गावाच्या नावाची, आणि रॅग्लन बाही, म्हणजे थेट गळ्यापर्यंत जाणारी तिरकी बाही, त्याच युद्धातल्या सेनापतीच्या नावाची. थंडीचे निम्मे कपडे सैनिकांकडून आलेत आणि सैनिकांच्या कपड्यांना खिसे असतातच. मग बायकांच्या कोटांना का नसावेत? नुसती खिशाची शिवण दाखवायची आणि आत काहीच नाही, हे मला फार खटकतं. हात गारठले की ते ठेवायचे कुठे? मी तरी खिसे नसलेला कोट विकत घेत नाही. तुम्हीही दुकानात आधी खिशात हात घालून बघा.

बुटांचंही तसंच आहे. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले की पाय जास्त गारठतात. बोटं आत हलायला हवीत. बाहीत दोन बोटं, बुटात हलणारी बोटं, हे लक्षात ठेवा.

मावशीचा तो राखाडी स्वेटर आता माझ्या भाचीकडे आहे. कोपरावर दोनदा रफू झालंय. तिला बाह्या थोड्या लांब होतात, म्हणून ती त्या कोटाच्या बाहीवर दुमडून घेते. मनगटापाशी राखाडी लोकरीची दोन बोटं रुंद पट्टी दिसत राहते. फार छान दिसते. नमस्कार.