चिप सिलेक्टला दहा के

(दृश्य : बुधवार पेठ, तपकीर गल्ली. काउंटरवर रेझिस्टरच्या पट्ट्या.)

"दहा के, पाव वॅट, शंभर द्या." एवढं म्हटलं की दुकानदार न बघता बरोबर तोच खण उघडतो. दहा के म्हणजे दहा हजार ओहमचा रेझिस्टर. तपकिरी, काळा, नारिंगी आणि टोकाला सोनेरी पट्टा. तांदळाच्या दाण्याएवढा जीव. तो आमच्या बोर्डावर एका जागी नव्हता, आणि त्यापायी आमचा अख्खा पावसाळा गेला.

(दृश्य : टेबलावर उघडा बोर्ड, भिंगाखाली एडीसी.)

भोसरीतल्या एका कारखान्यासाठी भट्टीचं तापमान मोजणारा बोर्ड केला होता. थर्मोकपल (तापमानाप्रमाणे बारीक व्होल्टेज देणारी तारांची जोडी), अ‍ॅम्प्लिफायर, पुढे 24 बिटांचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणारी चिप. दुपारी सगळं व्यवस्थित. पण दमट सकाळी वीज आली की कधी कधी तापमान जवळपास दुप्पट दिसायचं. बंद करून चालू केलं की पुन्हा ठीक. थर्मोकपल बदललं, वायरी बदलल्या. संशय सगळा अ‍ॅनालॉग बाजूवर. डिजिटल पिनांकडे कुणी बघितलंच नाही.

(दृश्य : चिप सिलेक्टच्या पिनवर ऑसिलोस्कोपचा, म्हणजे व्होल्टेज पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रोब.)

वीज आल्यावर मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे बोर्डाच्या छोट्या मेंदूला, जागं व्हायला थोडा वेळ लागतो. तोवर त्याच्या बहुतेक पिना नुसत्या इनपुट असतात, कशालाच धरून नसतात. त्यामुळे एडीसीची चिप सिलेक्टची पिनही हवेत लोंबकळते. ही पिन खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे, गेली की एडीसी समजतो, आपल्याशीच बोलणं चाललंय. आमच्याकडे बूटलोडर, म्हणजे सुरुवातीला चालणारा छोटा प्रोग्रॅम, त्याच वेळी त्याच एसपीआय तारांवरून (चिपांनी आपसात बोलायच्या सामाईक तारा) शेजारची फ्लॅश मेमरी वाचत होता. बोर्डावर राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स दमट हवेत किंचित वीज सोडायचा आणि पिन खाली ओढली जायची. मेमरीसाठीचे बिट एडीसीने हुकूम म्हणून घेतले, आणि गेन, म्हणजे सिग्नल किती पट करायचा तो आकडा, 1 चा 2 झाला. गेन सुरुवातीला 1 च असतो म्हणून आमच्या प्रोग्रॅमने तो लिहिलाच नव्हता. ही चूकही आमचीच.

तपासतानाही फसलो. प्रोब टेकवला की पिन शून्यावर दिसे. पण 10 मेगाओहमचा प्रोब स्वतःच तिला खाली ओढत होता. मोकळी सीमॉस पिन स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, तिला तेवढा ओढाही पुरतो.

(दृश्य : सोल्डरिंग. पिनपासून 3.3 व्होल्टच्या रेषेला दहा के.)

एक टोक पिनला, दुसरं एडीसीच्याच डिजिटल सप्लायला. 5 व्होल्टला नाही. तसं केलं तर 3.3 च्या चिपमधल्या संरक्षक डायोडमधून करंट वाहू लागतो. पिनची गळती 1 मायक्रोअँपिअर धरली तरी दहा के वर पडतात फक्त 10 मिलिव्होल्ट. पिन ठामपणे वर राहते. मायक्रोकंट्रोलरने ती खाली ओढली की खर्च 0.33 मिलिअँपिअर. भट्टीजवळ त्याचं काहीच नाही. बटण सेलवरच्या यंत्रात मात्र पिन सतत खाली राहिली, तर 220 मिलिअँपिअर-तासांचा सेल महिनाभरही टिकणार नाही. तिथे आम्ही शंभर के लावतो.

(दृश्य : वजनकाट्याचा छोटा बोर्ड, त्यावर एचएक्स 711 ही एडीसी चिप.)

आमच्याकडचा शिकाऊ मुलगा उत्साहाने हाही बोर्ड घेऊन आला. "सर, याच्या क्लॉकलाही वर ओढू का?" म्हटलं, थांब बाळा. या चिपची क्लॉकची, म्हणजे ताल देणारी, पिन 60 मायक्रोसेकंदांहून जास्त वर राहिली की चिप झोपी जाते. इथे रेझिस्टर ग्राउंडला लागतो. रीसेट किंवा पॉवर-डाउनची पिन खाली गेल्यावर काम करत असेल तर ओढायचं वर. आधी डेटाशीटमधला पिनांचा तक्ता, मग सोल्डर.

(दृश्य : भोसरी, पावसाळी सकाळ. भट्टीशेजारी बोर्ड.)

रेझिस्टर लावला, फ्लक्स धुतला, गेन प्रोग्रॅममध्ये लिहिला. आणि खात्रीसाठी फ्लक्स न धुतलेला, जुन्याच प्रोग्रॅमचा एक बोर्ड नुसता दहा के लावून ठेवला. त्या दमट सकाळी त्याची वीज चाळीस वेळा बंद-चालू केली. चाळीसही वेळा आकडा शेजारच्या मीटरशी जुळला.