पेटलेली गंजी आणि विसरलेला बांध

(लातूर जिल्ह्यातील मुख्याध्यापक-शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि शिक्षक मंडळी,

पत्रिकेवर विषय छापला आहे ‘आपत्तीविषयक शिक्षण आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य’. एवढा भारदस्त विषय जेवणानंतरच्या सत्रात ठेवणाऱ्या संयोजकांच्या धाडसाला दाद दिली पाहिजे. तुम्ही जागे राहावे म्हणून सुरुवात गोष्टीने करतो. सहकार्याकडे येणारच आहे, घड्याळ समोरच टांगलेले आहे.

गोष्ट जपानची, साल १८५४. वाकायामा भागात समुद्राकाठी हिरो नावाचे गाव. मोठा भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी. गावात हामागुची गोर्यो नावाचा, सोया सॉसच्या व्यापारी घराण्यातला माणूस होता, वय पस्तिशीच्या अलीकडे-पलीकडे. अंधार पडलेला, पळणाऱ्यांना उंचावरच्या देवळाची वाट सापडेना. त्याने शेतातल्या पेंढ्याच्या गंजी पेटवल्या (कोकणातले असाल तर उडव्या म्हणा) आणि त्या उजेडाच्या रोखाने माणसे वर पोचली.

पुढे १८९७ मध्ये लाफ्काडिओ हर्न यांनी ही हकीकत इंग्रजीत लिहिली. लिहिता लिहिता तरणा गोर्यो म्हातारा झाला, त्याचे गावातले घर टेकडीवर गेले आणि पेंढ्याच्या जागी घरचे वर्षाचे भात आले. समुद्र मागे हटलेला पाहून म्हातारा आपले पीकच पेटवतो, आग विझवायला सगळे गाव वर धावते आणि वाचते, अशी ती गोष्ट. शेजारच्या गावातल्या एका शिक्षकाने ती परत जपानीत आणली आणि १९३७ ते १९४७ ती सरकारी वाचनमालेत होती. २००४ च्या हिंदी महासागरातल्या त्सुनामीनंतर कोबेच्या एशियन डिझास्टर रिडक्शन सेंटरने तिच्या पुस्तिका आशियातल्या अनेक देशांसाठी तयार केल्या. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला, तोही याच घटनेवरून. यातली गंमत बघा, ती अकराव्या महिन्याची पाचवी जुन्या जपानी पंचांगातली आहे. आपल्या कॅलेंडरने तो दिवस २४ डिसेंबर येतो. जगाने तिथीच तारीख म्हणून लावून टाकली. शिवजयंतीचा वाद फक्त आपल्याच वाट्याला आलाय असे समजू नका.

आता माझी तक्रार. या गोष्टीचा उत्तरार्ध प्रवासात गळाला. लाट ओसरल्यावर गोर्योने समुद्राच्या बाजूने बांध घालायला घेतला. सुमारे ६०० मीटर लांब, ५ मीटर उंच. काम जवळपास चार वर्षे चालले आणि खर्चाचा भार त्याने स्वतः उचलला. मजूर कोण? घरे, होड्या, जाळी गमावून बसलेले गावकरीच. त्यांना रोजची मजुरी मिळाली, म्हणून गाव सोडून निघालेली माणसे थांबली. आपल्या रोजगार हमीच्या सव्वाशे वर्षे आधीची ही रोजगार हमी. १९४६ मध्ये त्सुनामी परत आली तेव्हा त्या बांधाने गावाचा मोठा भाग वाचवला. गोर्यो जाऊन तोवर साठ वर्षे झाली होती. पण जुन्या धड्यात गावकरी म्हाताऱ्यापुढे गुडघे टेकतात आणि धडा संपतो. जपानमधल्याच पाचवीच्या एका पाठ्यपुस्तकात बांधासकट गोर्यो यायला २०११ उजाडले.

एका देशातून दुसऱ्या देशात शिकवण जाते तेव्हा गंजी आधी जाते आणि बांध मागे राहतो. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. बाकीचे त्याचे दाखले.

पहिला दाखला आपल्या मॉक ड्रिलचा. आदल्या दिवशी सूचना वही फिरते, सगळ्यांच्या सह्या. भूकंपाची वेळ सकाळी अकरा. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला म्हणून भूकंप पुढे ढकलून साडेबाराला. (हशा) घंटा होते, मुले रांगेने मैदानावर जातात, फोटो ग्रुपवर पडतात, अहवाल तालुक्याला जातो. यात चूक एवढीच की हा आगीचा सराव झाला. भूकंपाचे हादरे चालू असताना धड उभे राहता येत नाही, पळायचे कुठून? आणि हिशेब करा. मीटरभर रुंदीच्या दारातून मुले शिस्तीत निघाली तरी सेकंदाला साधारण एक. वर्गात ५० मुले असतील तर शेवटचे मूल बाहेर पडेपर्यंत पाऊण मिनिट उलटते आणि जोराचे हादरे बहुधा तोवर थांबलेले असतात. मग पळणारी मुले सापडतात कुठे? दारात, जिन्यावर आणि व्हरांड्याच्या कडेला. कठड्याच्या विटा आणि कौले नेमकी तिथेच पडतात.

म्हणून बाहेरून पोस्टर आले: खाली बसा, टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय घट्ट धरा. सल्ला चांगला आहे. चित्रातले मूल गोरेगोमटे, डेस्कखाली छान बसलेले. आपल्या पहिली-दुसरीच्या कितीतरी वर्गांत डेस्क नाही, सतरंजी आहे. आता सतरंजीखाली शिरायचे का? (हशा) हसू नका, मुले हे खरोखर विचारतात आणि पोस्टरवर त्याचे उत्तर नाही. डेस्क नसेल तर कपाट आणि खिडकीपासून लांब सरकायचे, गुडघ्यांवर बसून अंग आखडून घ्यायचे आणि डोके व मान दप्तराने झाकायची. शिकवायला दोन मिनिटे पुरतात. ते कपाट मात्र आधी भिंतीला बांधा. कपाटाच्या वरच्या कडेला दोन लोखंडी अँगल, आणि बोल्ट गिलाव्यात न ठोकता गिलावा ओलांडून आत विटेत किंवा काँक्रीटमध्ये. नुसत्या गिलाव्यातला बोल्ट पहिल्या झटक्यात पापुद्र्यासकट बाहेर येतो.

याच्याही आधीचा प्रश्न भिंतीचा आहे. टेबलाखाली शिरा, हा सल्ला इमारत उभी राहील असे गृहीत धरतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. किल्लारीबद्दल लातूरकरांना मी काय सांगावे? पण भिंत का पडली, एवढे सांगू द्या, कारण शाळेत मुलांना हे कोणी शिकवत नाही. दगडमातीची दोन-अडीच फुटी भिंत जाड म्हणून भक्कम वाटते. आतून ती एक नसते. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये माती-गोट्यांची भर. दोन थरांना एकमेकांशी बांधणारा दगड नसेल तर हादऱ्यात ते सुटतात, भिंतीला पोट येते आणि ती फुटते. वर माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, टनावारी माती, ती खाली येते. जिथे माळवद लाकडी खांबांवर पेललेले होते आणि खांब जागेवर राहिले, तिथे भिंती पडूनही कित्येक छपरे टिकली.

यावरचा उपाय सोपा आहे. बांधतानाच भिंतीच्या पूर्ण जाडीचे आरपार दगड घालायचे, उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडवे १२० सेंटिमीटरपेक्षा लांब नाही. दारे-खिडक्यांच्या डोक्यावरून चारही भिंतींवर सलग फिरणारा, सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा द्यायचा, जाडी किमान ७५ मिलिमीटर. कोपऱ्यात तो तोडायचा नाही. तुटला तर तो पट्टा नव्हे, चार सुटे तुकडे. जुन्या भिंतीत आरपार भोक पाडून, त्यात आकडा केलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे, तोच बांधणारा दगड झाला. छपरावरची जादा माती उतरवायची. किल्लारीनंतर या भागात ही कामे झालेली आहेत. ती करणारे गवंडी आज साठी-सत्तरीचे असतील. त्यातला एकही कधी शाळेत पाहुणा म्हणून बोलावला जात नाही, आणि माझी खरी चीड तिथे आहे.

तर, जड मातीच्या छपराची, दगडमातीची खोली असेल, वर्ग तळमजल्यावर असेल आणि दाराबाहेर लगेच मोकळे अंगण असेल, तर झटकन बाहेर पडणे बरे. जिओहॅझर्ड्स इंटरनॅशनल या संस्थेने २०१५ मध्ये याच प्रश्नावर मार्गदर्शिका काढली, तिचाही रोख हाच आहे. स्लॅबच्या, नीट बांधलेल्या इमारतीत उलट, तिथे आहे त्या जागी खाली बसा. एकाच आवारात जुनी खोली आणि नवा स्लॅब असेल तर दोन वर्गांना दोन वेगळी उत्तरे. जगभर चालेल असे एकच वाक्य मागाल तर मिळणार नाही.

दुसरा दाखला परत जपानचाच, म्हणजे जपानी लोक चुकत नाहीत हा आपला समज जरा सैल होईल. ११ मार्च २०११, इशिनोमाकी शहरातली ओकावा प्राथमिक शाळा. पावणेतीनला भूकंप झाला. मुले शिस्तीत मैदानावर आली, हजेरी झाली. ड्रिल म्हणून शंभरपैकी शंभर गुण. मग पुढची सुमारे ५० मिनिटे मुले मैदानावरच होती. शाळेच्या मागे टेकडी होती, मुलांच्या पायाखालची. आराखड्यात लिहिले होते ‘जवळची मोकळी जागा किंवा उद्यान’. कुठली जागा, ते लिहिलेच नव्हते. धोक्याच्या नकाशात शाळा लाटेच्या हद्दीबाहेर दाखवलेली, म्हणून घाईही नाही. १०८ पैकी ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. पालक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की चूक त्या दिवसाच्याही आधीची, आराखडा आगाऊ सुधारला नाही ही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो निकाल कायम ठेवला. आपल्या शाळांचे आराखडे उघडून बघा. ‘सुरक्षित स्थळ’ या रकान्यात ‘मैदान’ लिहिलेले असते. नदीकाठच्या शाळेतही मैदान आणि डोंगराच्या पायथ्याच्या शाळेतही मैदान. एकाने भरला, बाकीच्यांनी उतरवला.

त्याच दिवशी कामाइशी शहरात मात्र शाळकरी मुले पळत सुटली, पहिली जागा अपुरी वाटली म्हणून आणखी वर गेली आणि जवळजवळ तीन हजार मुले वाचली. तिथे कातादा तोशिताका या प्राध्यापकांनी मुलांना शिकवलेला पहिला नियमच असा की नकाशावर विसंबू नका. त्यांनी हे कसे शिकवले ते सविस्तर सांगायचे होते, पण अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटे. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता सुरू करायला हवा.

तर आंतरराष्ट्रीय सहकार्य. जानेवारी २००५ मध्ये कोबेला आपत्तीचा धोका कमी करण्यासाठीचा ह्योगो कृतिआराखडा ठरला, १६८ देश. त्याचा तिसरा अग्रक्रम शिक्षण आणि ज्ञान. जानेवारी २००७ मध्ये आपल्या शेजारी अहमदाबादला शालेय सुरक्षेवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. टाळता येण्याजोग्या आपत्तीत शाळेत एकही मूल दगावू नये, मुदत २०१५, असे तिथे ठरले. मुदत संपली, मग मार्च २०१५ मध्ये सेंडाई आराखडा, मुदत २०३०. त्याच्या सात लक्ष्यांपैकी एक शाळा-दवाखान्यांचे नुकसान कमी करण्याचे आणि एक गरीब देशांना मदत वाढवण्याचे. शालेय सुरक्षेचा जो सर्वमान्य आराखडा आहे त्याचे तीन खांब: सुरक्षित इमारत, शाळेचे आपत्ती व्यवस्थापन आणि वर्गातले शिक्षण. तिसरा खांब स्वस्त, म्हणून सगळे तोच उभारतात. भित्तिपत्रक, निबंध स्पर्धा, दिन साजरा. पहिल्याला पैसे लागतात.

घाई का, तेही सांगतो. कोयना १९६७, पहाटे. किल्लारी, पहाटे. भूज २००१, प्रजासत्ताक दिनाची सकाळ, वर्ग रिकामे, तरी अंजारमध्ये मिरवणुकीतली मुले अरुंद गल्लीत सापडलीच. नेपाळ २०१५, शनिवारची सुट्टी. आणि ८ ऑक्टोबर २००५, पाकव्याप्त काश्मीरमधले मुझफ्फराबाद, सकाळी पावणेनऊच्या सुमारास, शाळा भरलेल्या. सुमारे १७ हजार मुले गेली. आपण आजवर घड्याळाच्या भरवशावर वाचलो आहोत.

सहकार्य म्हणजे काय ते नेपाळमध्ये बघा. १९९७ पासून तिथल्या एनसेट या संस्थेने परदेशी तंत्रज्ञांच्या साथीने शाळा मजबूत करायला घेतल्या, सुरुवातीची एक भक्तपूरजवळ नांगखेलला. बाहेरच्या ठेकेदाराऐवजी त्यांनी गावातले गवंडी घेतले. शाळेच्या कामावरच त्यांना शिकवले, म्हणजे पुढे तेच गवंडी गावातली घरे त्याच पद्धतीने बांधू लागले. हादऱ्याच्या टेबलावर दोन छोटी घरे ठेवली, एक पट्ट्याचे, एक बिनपट्ट्याचे, आणि गावासमोर हलवली. त्यानंतर भाषणाची गरज उरत नाही. (माझ्यासाठीही ही सूचनाच समजा.) २०१५ मध्ये हजारो वर्गखोल्या कोसळल्या, मजबूत केलेल्या शाळा उभ्या राहिल्या.

म्हणून पुढच्या वेळी एखादी संस्था, देशी असो की परदेशी, पोस्टरचा गठ्ठा घेऊन शाळेत आली तर चहा पाजा आणि तीन गोष्टी मागा. आमच्या भिंतीच्या प्रकाराला तुमचा सल्ला लागू आहे का, हे अभियंत्याकडून लेखी. उन्हाळी सुट्टीत एका खोलीचे काम, गावातल्याच गवंड्यांकडून, त्यांच्या मजुरीसह. आणि पाच वर्षांनी बोल्ट, पट्टे, भेगा तपासायला कोण येणार, त्याचे नाव.

ड्रिल तुमच्या हातात आहे, तिला बाहेरच्या कुणाची गरज नाही. एक ड्रिल मधल्या सुट्टीत, न सांगता घ्या. एकदा एक जिना मुद्दाम दोरी लावून बंद ठेवा. पोषण आहाराच्या खोलीत रेग्युलेटर कोण बंद करणार ते ठरवा, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर दुसरी कोण तेही. चालता न येणाऱ्या मुलाबरोबर कोण, याची नावे आधी लिहा. हजेरीपट बाहेर आणायचा, तो टेबलावर राहिला तर किती मुले आत आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. आणि मुलाला न्यायला कोण येऊ शकते याची पालकांनी सही केलेली यादी ठेवा. भूकंपानंतरच्या तासाभरात फाटकावर जो गोंधळ होतो तो याच यादीअभावी होतो. एक मूल काकाबरोबर निघून जाते आणि आई त्याला ढिगाऱ्यात शोधत राहते.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. ज्यांच्या शाळेत जुनी दगडी खोली आहे त्यांनी मोबाइलमध्ये भिंतीचा, कोपऱ्याचा आणि छपराचा आतून फोटो असेल तर दाखवा, त्यावर बोलू.