१७ नंबरचा मुलगा

नमस्कार मंडळी. आज १८ मे, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, १९७७ पासून जगभर पाळतात. या दिवशी मोठमोठ्या म्युझियमबद्दल भरपूर बोललं जातं, राजमुकुट, तलवारी, ममी वगैरे. मी आज बोलणारे एका छोट्या म्युझियममधल्या एका माणसाबद्दल. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. पगार नाही, मानधन नाही, रिटायर झाल्यावर एक दिवस आत आले, विचारलं "काही काम आहे का हो?" आणि मग अठरा वर्षं येतच राहिले. गेल्या हिवाळ्यात काका गेले.

काम काय करायचे? तर लोकांना दिसत नाही ते सगळं. वस्तू आली की दाखल नोंदवहीत तिची नोंद करायची आणि तिच्यावर दाखल नंबर टाकायचा. समजा १९८७.१४.३ असा नंबर असेल तर १९८७ साल, त्या सालातली चौदावी देणगी आणि त्यातली तिसरी वस्तू. कपडा असेल तर नंबर लिहिलेली छोटी पट्टी चार सैल टाके घालून शिवायची, कागद असेल तर मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलने लिहायचं. पेनने नाही हं, पेन्सिलने. शाई फुटते, आरपार उतरते. एकदा एका किल्लीचा टॅग तुटून पडला तर काका दोन दिवस खोके उपसत बसले होते, कारण टॅग गेला की ती नुसती एक जुनी किल्ली उरते, कोणाच्या दाराची ते परत कधीच कळत नाही.

आणि जाता जाता सांगते, जुने फोटो, जुनी सर्टिफिकेटं लॅमिनेट करू नका. मनापासून सांगते, नका करू. गरम प्लास्टिक कागदाला एकदा चिकटलं की ते धडपणे सोडवता येत नाही. घरोघरी लोक प्रेमानेच करतात ते, पण कागदाचा जीव जातो. असो.

मला खरं सांगायचंय ते १७ नंबरच्या मुलाबद्दल.

आमच्याकडे एका शाळेचा ग्रुप फोटो आला होता, खूप जुना, ४३ मुलं, मागे एकाचंही नाव नाही. मूळ फोटो काकांनी खोक्यात अंधारात ठेवला, कारण उजेडाने होणारं नुकसान साठत जातं, आज थोडं उद्या थोडं, आणि ते भरून येत नाही. म्हणून असे कागद, फोटो बाहेर मांडले तरी उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच ठेवतात. तर मूळ फोटो खोक्यात, आणि मोठी कॉपी काढून दाराजवळच्या टेबलावर. वर ट्रेसिंग पेपर, त्याच्यावर प्रत्येक डोक्याभोवती गोल आणि गोलात नंबर, १ ते ४३. शेजारी वही आणि पेन्सिल. ओळखीचं कोणी दिसलं तर नंबर लिहा, नाव लिहा, आणि तुम्ही कोण, तुम्हाला कसं माहीत तेही लिहा. हे शेवटचं काकांना सगळ्यात महत्त्वाचं. कोण सांगतंय आणि कशावरून सांगतंय.

दुसऱ्या महिन्यातच पाच नावं आली. मग हळूहळू एकेक. सहा वर्षांत ४२ मुलांची नावं लागली. राहिला एक, १७ नंबर. त्याला चेहराच नव्हता, हलला होता तो. तेव्हाचे फोटोग्राफर "हलू नका" म्हणून लेन्सची टोपी काढायचे, आकडे मोजायचे आणि टोपी परत लावायचे, आणि तेवढ्यात हा हललेला. कान दोनदा आलाय, नाकडोळ्यांच्या जागी नुसता पांढरट फराटा. बाकी ४२ जण पुतळ्यासारखे.

मग एक दिवस एक आजी नातवाला घेऊन आल्या. नातू पळाला तलवारींकडे, आजी टेबलाशी थांबल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग बोट ठेवलं १७ नंबरवर आणि म्हणाल्या, "हा माझा दादा."

काकांनी विचारलं, "चेहरा तर दिसत नाही, कशावरून म्हणता?"

"अहो म्हणूनच तर. त्याला एका जागी उभं राहताच यायचं नाही. आई केस विंचरायला घ्यायची तर आम्ही दोघी त्याला धरायचो. बाराव्या वर्षी तापाने गेला. घरात एकही फोटो नाही त्याचा."

काकांनी जसंच्या तसं वहीत उतरवलं. केस विंचरण्याचं पण. आजी त्या फराट्यावरून बोट फिरवत राहिल्या आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले, मला तिथे थांबवेना.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं होतं. दोन वर्षांनी एक गृहस्थ आले आणि म्हणाले १७ नंबर आमचे चुलते, डावा हात खिशात घालायची त्यांची सवय होती, हे बघा. आणि खरंच, डावा हात खिशात. काकांनी तेही लिहिलं, आजींच्या नोंदीच्या खाली. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं त्या आजींना कळलं तर काय वाटेल, हे कशाला लिहिता? काका काही बोलले नाहीत, त्यांनी स्वतःच आजींना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

आजी आल्या, ते गृहस्थ पण आले. दोघं दीड तास भिंग घेऊन त्या फोटोवर वाकून बसले, एकमेकांना घरच्या गोष्टी सांगत. ठरलं काहीच नाही. उठताना आजी म्हणाल्या, "यांचं पण राहू दे. पण माझं पुसू नका."

काका म्हणाले, "खोडरबर मी आणतच नाही इथे."

आणि खरंच नव्हतं हो त्यांच्याकडे खोडरबर. अठरा वर्षांच्या वह्या बघितल्या मी आता, चुकलं तिथे एक आडवी रेघ, शेजारी बरोबर शब्द, तारीख, सही. पुसलेलं कुठेच नाही.

आपल्या फोनमध्ये आज हजारो फोटो आहेत आणि एकावरही नाव नाही, मला याची खरंच काळजी वाटते. आपल्याला सगळे माहीत आहेत म्हणून आपण लिहीत नाही, त्या शाळेतही सगळ्यांना सगळे माहीतच होते. निदान दहा फोटोंचे प्रिंट काढा, मागे हलक्या हाताने, मऊ पेन्सिलने, कडेला नावं लिहा. पेन्सिलने. चकचकीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर नावं वेगळ्या कागदावर लिहा आणि तो कागद फोटोबरोबरच ठेवा.

२०२२ मध्ये प्रागला आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने म्युझियमची नवी व्याख्या मंजूर केली, त्यात लोकांच्या सहभागाने काम करणं आलंय. मी ती काकांना वाचून दाखवली होती. म्हणाले, "बरं झालं," आणि परत गोल काढायला लागले.

तेव्हा दुसरा एक जुना फोटो कामाला घेतला होता त्यांनी, कुठल्याशा लग्नातला, खूप माणसं. ट्रेसिंग पेपरवर ३१ पर्यंत नंबर टाकलेत त्यांच्या हाताने, पुढचे मी टाकतेय. शनिवारी दुपारी मी असते तिथे. या, बघा कोणी ओळखीचं दिसतंय का. वही टेबलावरच आहे.