अंतर तुरुंगात आहे

नमस्कार श्रोतेहो.

अरबी गोष्टी म्हटलं की आपल्याला सिंदबाद आठवतो, अलीबाबा आठवतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १९ व्या शतकात अरबी गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणल्या आणि त्या आपल्या घरच्याच होऊन गेल्या. पण त्याच काळात कैरो किंवा दमास्कसच्या कॉफीखान्यात जाऊन बसलं, तर कानावर पडायच्या त्या वेगळ्याच कथा. वीरांच्या कथा. त्यांना अरबीत ‘सीरा’ म्हणतात. महिनोन् महिने रोज रात्री थोडी थोडी, अशी एकेक कथा चालायची.

त्यातली एक अंतरची. आपल्या मराठी ‘अंतर’ शब्दाशी या नावाचा संबंध नाही. अंतर हा खरोखरचा कवी, ६ व्या शतकातला, अब्स टोळीचा. आई जबीबा, हबशी गुलाम. बाप शद्दाद, टोळीतला मानाचा माणूस, पण तो या काळ्या पोराला मुलगा म्हणेना. एकदा टोळीवर धाड आली. बाप ओरडला, “अंतर, चढाई कर!” पोरगा म्हणाला, “गुलामाला चढाई कुठून कळणार? त्याला सांडण्यांचं दूध काढता येतं, आचळं बांधता येतात.” बाप म्हणाला, “चढाई कर, तू आता गुलाम नाहीस.” मग अंतर घोड्यावर चढला. पुढे चुलतबहीण अबलावर त्याचा जीव जडला, आणि काकाने देज मागितलं हीरा नगरीच्या नुअमान राजाच्या हजार सांडण्यांचं. देज जमवायला गेलेला पुतण्या परत येणार नाही, हा काकाचा हिशेब.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. दमास्कसमध्ये हा किस्सा पिढ्यानपिढ्या सांगतात.

एका कॉफीखान्यात रोज रात्री कथा चालायची. सांगणाऱ्याला तिकडे हकवाती म्हणतात. तो उंच आसनावर बसायचा, मांडीवर पोथी. समोर माणसं दाटीवाटीने. अंतरच्या बाजूचे इकडे, त्याच्या वैऱ्यांच्या बाजूचे तिकडे. एका रात्री कथा अशा जागी आली की अंतर शत्रूच्या हाती सापडला. हातापायांत बेड्या घातल्या, अंधारकोठडीत टाकला. आणि हकवातीने पोथी मिटली. “बाकी उद्या.”

लोक उठले, घरी गेले. एक माणूसही घरी गेला. बायकोने ताट वाढलं. त्याने ताटाकडे पाहिलं आणि उलथून दिलं. ती बिचारी विचारते, काय झालं? तो म्हणतो, अंतर तुरुंगात आहे आणि तू मला जेवायला सांगतेस? तिला वाईट बोलला. अंथरुणावर पडला, झोप येईना. या कुशीवर, त्या कुशीवर. डोळे मिटले की अंतर दिसतो, बेड्या दिसतात.

मध्यरात्री उठला. अंधाऱ्या गल्ल्यांतून हकवातीचं घर गाठलं आणि दार धडाधडा वाजवलं. तो डोळे चोळत आला. कोण मेलं? हा म्हणाला, “तू अंतरला कोठडीत टाकून इथे निवांत झोपलास? मला घास गिळवत नाही, डोळा लागत नाही. आत्ता त्याला सोडव. पूर्ण रात्रीच्या कथेचे तुला जितके मिळतात तितके मी एकटा देतो, पण त्याला सोडव.”

हकवाती काय करणार? दिवा लावला, पोथी उघडली. त्या एका माणसासाठी, रात्रीच्या त्या प्रहरी, वाचायला बसला. वाचत गेला, वाचत गेला, आणि शेवटी बेड्या तुटल्या, अंतर सुटला. तो माणूस उठला, पैसे दिले, हसत घरी गेला. बायकोला उठवलं, तिची क्षमा मागितली. म्हणाला, अंतर सुटला, आता काय असेल ते वाढ.

मला हा माणूस फार जवळचा वाटतो. माझी आजी चातुर्मासात पोथी लावायची, पण तिचा दंडक उलटा होता. अध्याय अर्धवट सोडायचा नाही, ऐकणाऱ्याला टांगून ठेवायचं नाही. तेव्हा घरात मोठ्याने वाचायची रीत होती. आता एकाच खोलीत चौघे चार मोबाइलवर चार गोष्टी पाहतात. माझं स्पष्ट मत आहे की रोज रात्री १० मिनिटं कुणीतरी एकाने बाकीच्यांना वाचून दाखवावं. वर्तमानपत्र वाचलं तरी चालेल.

असो. एडवर्ड लेन हा इंग्रज कैरोत राहिला होता. त्याने १८३६ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय की बनू हिलाल टोळीच्या अबू झैदची कथा गाणारे तिथे ५० च्या आसपास होते, सुलतान बैबर्सची कथा सांगणारे ३० च्या आसपास, आणि अंतरची सांगणारे सहाएक. अबू झैदची कथा गाणारा हातात एकतारी रबाब घ्यायचा, आणि त्याला म्हणायचे ‘शाइर’. श्रोतेहो, शाइर. आपला शाहीर याच शब्दातून आला.

मग ज्याला अरबी येत नाही त्याने काय करावं? इंग्रजीत वाचावं. टेरिक हॅमिल्टन यांनी १८१९-२० मध्ये अंतरची कथा ४ खंडांत इंग्रजीत आणली. एम. सी. लायन्स यांनी १९९५ मध्ये ३ खंडांत अशा अनेक कथांचे सारांश दिले. २०२१ मध्ये मेलनी मॅगिडो यांनी फातिमा या लढवय्या राजकन्येच्या कथेतला भाग आणला. ती मुलींनी जरूर वाचावी.

पण हॅमिल्टनचं भाषांतर अंतर आणि अबलाच्या लग्नाशी थांबतं. कथेचा जेमतेम एक तृतीयांश. लग्न झालं, पुस्तक संपलं. त्या वेळच्या इंग्रज वाचकाला दार ठोठवायला हकवातीचं घर नव्हतं. पुढचं त्याच्या कानावर आलंच नाही. म्हणून ते मी सांगतो.

अंतरने एका वैऱ्याचे डोळे फोडले होते. तो आंधळा माणूस वर्षानुवर्षं नुसत्या आवाजाच्या रोखाने बाण मारायला शिकला. एका रात्री नदीकाठी त्याने अंतरचा आवाज ऐकला आणि विषारी बाण सोडला. बाण लागला. टोळीला खिंडीतून सुखरूप पलीकडे जायचं होतं आणि शत्रू मागावर होता. अंतर आपल्या अबजर घोड्यावर बसला, भाला जमिनीत रोवला, त्याच्यावर रेलला आणि खिंडीच्या तोंडाशी उभा राहिला. तसाच बसल्या जागी गेला. शत्रूला वाटलं, तो जिवंत आहे. कुणी पुढे येईना. वेळ गेला, टोळी दूर निघून गेली. शेवटी कुणाला तरी शंका आली. त्याने एक घोडी पुढे सोडली. तिला पाहून अबजर उधळला, आणि अंतर खाली पडला.

नमस्कार.