बेंबीचं संत्रं आणि जालन्याची मोसंबी

नमस्कार मंडळी.

मागच्या टेबलावरच्या कपकेककडे लेकरांचं लक्ष कधीचंच गेलंय, त्यामुळे फार वेळ घेत नाही. नाताळच्या सुट्टीतल्या या मेळाव्यात यंदा गोडाचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, मोसंबीचे कपकेक करते. त्यावर दोघी-तिघींनी लगेच विचारलं, "जर्मनीत मोसंबी कुठून आणणार?"

मी जालना जिल्ह्यातली, अंबड तालुक्यातली. आमच्या जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्र आहे, आणि आमच्या घरात तर फीपासून लग्नापर्यंतचा सगळा हिशोब मोसंबीच्या बहरावर चालायचा. तरीही इथं आल्यावर कितीतरी वर्षं मी एका चुकीच्या समजात होते. दुकानात 'ऑरेंज' लिहिलेलं दिसलं की मला नागपूरचं संत्रं आठवायचं. पण नागपुरी संत्रं म्हणजे मॅन्डरिन, सैल सालीचं, हातानं सोलता येणारं. डिसेंबरात स्पेनहून इथं येतं ते मोठं, घट्ट सालीचं, बुडाशी बेंबी असलेलं नेव्हल. वनस्पतिशास्त्रात ते आणि आपली मोसंबी एकाच जातीचे, सायट्रस सायनेन्सिस. सख्ख्या बहिणीच म्हणा. आजचे कपकेक याच बेंबीच्या संत्र्याचे. रंगावर जाऊ नका. सालीला नारिंगी रंग चढायला थंड रात्री लागतात, तेवढी थंडी आमच्याकडे फळ पिकताना नसते, म्हणून मोसंबी पिकली तरी हिरवट-पिवळीच राहते. हे कळलं त्या दिवशी दुकानात मी ते फळ हातात घेऊन बराच वेळ उभी होते.

केकचं म्हणाल तर तो मी जालन्यात शिकले. शाळेसाठी आम्ही भावंडं तिथं खोली घेऊन राहायचो. शेजारच्या मावशी ख्रिस्ती, त्यांचे पूर्वज बेथेलचे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेलं ते गाव. नाताळ चार दिवसांवर आला की मावशी मैदा, साखर, तूप, अंडी डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर निघायच्या, आणि मी त्यांच्यामागे. आमच्या बागेतली शेवटची मोसंबी त्यांच्यासाठी राखलेली असायची. मावशी साल बारीक किसायच्या, किस साखरेत टाकायच्या आणि बोटांनी चोळत राहायच्या. साखर ओलसर, पिवळट व्हायची आणि सगळी खोली घमघमायची. "काय बघायलीस गं नुसती? घे, किस. पांढरं लागू देऊ नको."

आज सांगायचं आहे ते एवढंच, की मोसंबीचा वास सालीत असतो, रसात नाही. वरच्या रंगीत पापुद्र्यात तेलाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. साखरेच्या कणांनी त्या फुटतात आणि तेल साखर धरून ठेवते. रस घालून घालून केकला वास आणू म्हणाल तर पीठ नुसतं पातळ होईल. शिवाय मोसंबीचा रस ठेवला की कडू होतो, हे आमच्याकडे गाडीवर रस काढणारा माणूसही जाणतो. तो आधी साल पूर्ण उतरवतो आणि पेला हातात देताना "लगेच प्या" म्हणतो. फळाच्या पांढऱ्या भागात आणि बियांत मुळात कडू नसलेला एक घटक असतो. फळ पिळलं की रसाच्या आंबटपणामुळे हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं, आणि ते कडू. उष्णतेनं हे आणखी लवकर होतं. बेंबीच्या संत्र्यातही हा गुण चांगलाच आहे. तेव्हा बहिणी दिसायला वेगळ्या असल्या तरी खोड एकच. म्हणून रस दोनच मोठे चमचे, आणि तोही पीठ साच्यात घालायच्या ऐन आधी पिळलेला.

दुसरी गोष्ट सोड्याची. मोसंबीत आंबटपणा फारच कमी, लिंबासारखी ती सोड्याला फुलवत नाही. नुसत्या मोसंबीच्या भरवशावर सोडा घातलात तर केक बसतो आणि साबणासारखा लागतो. म्हणून मी दही घालते.

बारा कपकेकना दीडशे ग्रॅम मैदा (इथं पाकिटावर 405 लिहिलेला घ्या), शंभर ग्रॅम लोणी, एकशे तीस ग्रॅम साखर, दोन अंडी, शंभर ग्रॅम दही, एक लहान चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा आणि दोन फळांची साल. साल साखरेत चोळून दहा मिनिटं तशीच ठेवा. मग लोणी घालून फेसा, अंडी एकेक करून घाला. मैदा घातल्यावर मात्र जास्त घोटू नका. 180 अंशांवर अठरा ते वीस मिनिटं. वर मी क्रीम घालत नाही, सालीचा वास त्याखाली दबतो. पिठीसाखरेत लिंबाचा रस कालवून पातळ थर देते, एवढंच. त्यावरचे सालीचे नारिंगी काप तीनदा पाणी बदलून उकळले आणि मग पाकात शिजवले आहेत.

फळ घेताना चिठ्ठी वाचा. इथल्या पुष्कळ फळांवर मेण आणि बुरशीनाशक असतं, आणि साल खाण्याजोगी नाही असं चिठ्ठीवर स्पष्ट छापलेलं असतं. साल वापरायची तर सेंद्रिय फळच आणा, तेही कोमट पाण्यात चोळून धुऊन.

आमची बाग आता पूर्वीची नाही. 2012 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळल्या. आबांनी विकत पाणी घेऊन, टँकर लावून झाडं उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवली. शेवटी कुऱ्हाड लावावी लागली. त्या दिवशी फोनवर ते काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्या लेकरांची चौकशी करत राहिले. झाड लावल्यापासून हाताशी फळ यायला पाच-सहा वर्षं लागतात. हे माहीत असूनही त्यांनी पुन्हा लावली. पूर्वीच्या निम्मी, ठिबकवर.

सध्या तिकडं बाग ताणावर आहे. आंबिया बहर, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या वेळचा फुलोरा, धरायचा म्हणून पाणी तोडलंय. झाडं मलूल होतील, पानं पिवळी पडून गळतील, आणि मग जानेवारीत पाणी दिलं की कळी फुटेल. काल रात्री पहिली खेप ओव्हनमध्ये असताना आबांचा फोन आला. "काय करायलीस?" म्हणाले. मी म्हटलं, केक. तर म्हणाले, "साल किसलीस का?"

डाव्या ताटातले कपकेक अंड्याचे आहेत, उजवीकडचे बिनअंड्याचे. लेकरांनो, वरचा सालीचा काप काढून ठेवू नका. आधी तोच चावून बघा.