आधी काय दिसलं ते सांगा

नमस्कार. पत्रिकेत आजचा विषय जरा भारदस्त छापलाय, ‘हौशी छायाचित्रांवरील विधायक अभिप्राय’. साध्या भाषेत सांगायचं तर ऑनलाइन स्पर्धेत कुणी फोटो टाकला की त्याखाली आपण काय लिहायचं. समोर बसलेले बहुतेक जण अशा स्पर्धांत भाग घेतात, दुसऱ्यांच्या फोटोंवर कॉमेंट देतात आणि स्वतःच्या फोटोवरच्या कॉमेंटमुळे रात्रभर कुढतात. त्यामुळे अपर्चर म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. चार मुद्दे लिहून आणलेत. पण आधी एक किस्सा. माझ्या ओळखीच्यांनी तो ऐकलेला आहे, त्यांनी तेवढ्यात मोबाइल बघून घ्यावा.

स्पर्धेचा विषय होता ‘वाट पाहणं’. एका नवख्या मुलानं फोटो टाकला. लांबलचक बाक, त्याच्या उजव्या टोकाला, फ्रेमच्या अगदी कडेला बसलेले एक आजोबा. नजर उजवीकडे, फ्रेमच्या बाहेर. डावीकडचा सगळा बाक रिकामा. आणि त्या रिकाम्या भागामागे भिंतीला टेकवून ठेवलेली एक लालभडक प्लास्टिकची बादली. बाकी सगळं करडं. भिंत करडी, बाक करडा, आजोबांचा शर्टही धुऊन धुऊन त्याच रंगावर आलेला.

आता कॉमेंट ऐका. पहिली, ‘मस्त क्लिक!’ ही फोटो न उघडताही देता येते. दुसरी, ‘विषय फारच कडेला गेलाय, रूल ऑफ थर्ड्स पाळा.’ म्हणजे फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडा आणि माणूस त्या रेघांवर बसवा. तिसरी, ‘नजरेसमोर मोकळी जागा हवी होती.’ अहो, ती आता आणायची कुठून? आजोबा केव्हाच उठून घरी गेले. त्यांना शोधून काढून ‘जरा अलीकडे सरकता का’ म्हणायचं? (हशा) शिवाय त्यांच्यासमोर जागाच नाही, मागे मात्र बाकभर आहे, यातच तर वाट पाहण्याची अस्वस्थता होती. स्पर्धेचा विषय काय आहे हे कॉमेंट देणाऱ्यानं वाचलं होतं की नाही, देव जाणे. आणि चौथी, आपली नेहमीची, ‘ब्लॅक अँड व्हाइट करून बघा.’ ही कुठल्याही फोटोखाली चालते. मी ती सूर्यास्ताच्या फोटोखालीही वाचलेली आहे.

पोरगं गुणी. त्यानं खरंच ब्लॅक अँड व्हाइट करून फोटो पुन्हा टाकला. लगेच सगळे म्हणाले, ‘आता जमलं!’ आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. फोटो सुधारला होता. पण का सुधारला, हे एकानंही सांगितलं नाही. कारण असं, की बादलीचा लाल आणि भिंतीचा करडा, दोघांचा उजळपणा जवळपास सारखाच होता. रंग काढल्याबरोबर बादली भिंतीत विरघळली आणि आजोबा मोकळे झाले. त्या मुलानं मात्र धडा घेतला तो असा की काळंपांढरं म्हणजे चांगलं. पुढे कित्येक महिने त्यानं जे काढलं ते काळंपांढरं केलं. फुलं केली, फुलपाखरं केली, एकदा तर इंद्रधनुष्यही केलं. (हशा) हसू नका, त्यालाही ‘मस्त क्लिक’ होतंच.

मूळ रंगीत फोटोखाली, अगदी तळाशी, एका बाईंनी लिहिलं होतं, ‘मला फोटोग्राफीतलं काही कळत नाही, पण माझं लक्ष आधी बादलीकडे गेलं. वाटलं, बादलीबद्दलच काहीतरी आहे. आजोबा नंतर दिसले.’ या कॉमेंटला एकही लाइक नाही. माझ्या मते त्या सगळ्या ढिगाऱ्यात उपयोगाची तेवढी एकच.

कारण फोटो काढणाऱ्याला स्वतःचा फोटो पहिल्यांदा बघताच येत नाही. तो तिथे उभा होता. आजोबांचा चेहरा बघून तो थांबला होता, त्याच्या डोक्यात आजोबाच होते. त्याच्या लेखी बादली नव्हतीच. ती दिसते आपल्याला, आणि तीही पहिल्या दोन-चार सेकंदांतच. मग आपणही सरावतो, आपलीही नजर बादली वगळायला शिकते. म्हणून म्हणतो, आपल्यापाशी त्याला देण्यासारखी ती पहिली नजर असते. बाकी नियम-बियम त्यानंही वाचलेले असतात. डॉक्टरकडे गेल्यावर आपण कुठे दुखतं ते सांगतो, गोळीचं नाव सांगत नाही. कॉमेंट देताना मात्र आपण सगळे थेट गोळी लिहून देतो.

रूल ऑफ थर्ड्सचा विषय निघालाच आहे, तर माझा जुना राग थोडा काढून घेतो. हे नाव फोटोग्राफीहून जुनं आहे. फोटोग्राफीचा शोध जगासमोर जाहीर झाला १८३९ मध्ये. जॉन टॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं ‘रूल ऑफ थर्ड्स’ लिहिला १७९७ मध्ये, निसर्गचित्रांबद्दल. त्याचं म्हणणं होतं ते चित्रातल्या भागांच्या प्रमाणाबद्दल. आकाशाला साधारण दोन तृतीयांश द्या, नाहीतर एक, उरलेलं जमीन-पाण्याला, दोन बाजू सारख्या वजनाच्या ठेवू नका, असं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर रेघा मारून त्यांच्या छेदबिंदूवर माणसाचा डोळा नेऊन बसवायचा, ही नंतरची भर. स्मिथच्या मापानं पाहिलं तर एक भाग आजोबा आणि दोन भाग रिकामा बाक, हा फोटो त्याला पसंतच पडला असता!

आणि नियम मोडला म्हणून झोडपणं हेही काही इंटरनेटनं आणलेलं नाही. जूलिया मार्गारेट कॅमेरॉन ही एकोणिसाव्या शतकातली फोटोग्राफर. तिला १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीनं कॅमेरा भेट दिला. तिची पोर्ट्रेट मऊ, थोडी फोकसबाहेरची. त्या काळच्या फोटोग्राफीच्या मासिकांनी तिला चांगलंच धारेवर धरलं होतं, तंत्र येत नाही म्हणून. आज तीच पोर्ट्रेट मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. आता यावरून उद्या कुणी हललेला फोटो टाकून ‘मी कॅमेरॉनच्या घराण्यातला’ म्हणायला लागेल, तर त्याचंही...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे चार मुद्दे दहा मिनिटांत. ठीक आहे, पळतो.

पहिला मुद्दा झालाच आहे, नजरेचा. फक्त पद्धत सांगतो. फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडा, शीर्षक आणि आधीच्या कॉमेंट नंतर वाचा. मग लिहा, नजर आधी कुठे गेली, मग कुठे, आणि कुठे अडकली. ‘हवं होतं’ हे शब्द शक्यतो टाळा.

दुसरा. दोष सांगायचा तर त्याचं कारण ओळखून सांगा. ‘फोटो शार्प नाही’ यात काय कळलं? नीट बघा. सगळंच्या सगळं एकाच दिशेला फराटल्यासारखं असेल तर बहुधा कॅमेरा हलला. भिंत स्पष्ट आणि पळणारं पोर तेवढं पुसट असेल तर पोर हललं, आणि कदाचित ते मुद्दामही असेल. माणूस पुसट आणि त्याच्या मागची झाडं स्पष्ट असतील तर फोकस मागे पडला. तिघांचे उपाय वेगळे. पहिल्यासाठी ढोबळ हिशेब आहे, २०० मिलिमीटरची लेन्स हातात धरून वापरताना शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडं राहू नये. छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर साधारण दीडपट वेगवान, म्हणजे तीनशेवा. पोर पळत असेल तर हा हिशेब पुरत नाही, त्याहून वेगवान शटर लागतं. फोकस चुकला असेल तर शटर कितीही वेगवान करा, काही होत नाही. आणि फोटो नुसता फिका दिसत असेल तर एडिटिंगला नावं ठेवण्याआधी विचारा, अडोबी आरजीबीमध्येच अपलोड केलाय का? फाइलमध्ये रंग नोंदवायची ती एक पद्धत. वेबसाठी एसआरजीबी ही वेबची नेहमीची पद्धत निवडली की बरेचदा रंग परत येतात.

तिसरा. आता सुधारण्यासारखं काय आणि पुढच्या वेळी ध्यानात ठेवण्यासारखं काय, हे वेगळं लिहा. वाकडं क्षितिज आत्ता सरळ होतं. काळोखा कोपरा बराचसा उजळता येतो. पण जेपेगमध्ये आकाशाचे लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे २५५ ला, म्हणजे उजळपणाच्या कमाल टोकाला, जाऊन टेकले असतील तर तिथे आता ढग नाहीत, नुसता पांढरा आहे. तिथे ‘हायलाइट कमी करा’, म्हणजे सर्वांत उजळ भाग उतरवा, असं लिहून काही होत नाही, फार तर करडा पांढरा मिळेल. आणि एडिट केलं म्हणजे लबाडी केली असंही समजू नका. ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन फोटोग्राफरनं १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नान्डेझ गावावरच्या चंद्राचा फोटो काढला आणि पुढची कित्येक वर्षं त्याच निगेटिव्हच्या प्रिंट काढताना आकाश आणखी आणखी काळं करत गेला. स्पर्धेच्या नियमात बसत असेल तर बसतं, एवढंच बघा.

चौथा. एका फोटोला दोष एकच सांगा, सर्वांत मोठा. दहा सांगितलेत तर समोरचा सर्वांत सोपा दुरुस्त करतो, म्हणजे वॉटरमार्कचा फॉण्ट. कौतुकही नेमकं करा. ‘अप्रतिम’ लिहिण्यापेक्षा ‘आजोबांच्या हातावर पडलेला उजेड आवडला’ लिहा, म्हणजे पुढच्या वेळी तो उजेड शोधेल.

गुणांबद्दल, म्हणजे आपला फोटो वर राहावा म्हणून बाकीच्यांना दहापैकी दोन देणाऱ्यांबद्दल मला बरंच बोलायचं होतं. ती मंडळी याही सभागृहात असणार, त्यामुळे ते प्रश्नोत्तरांत घेऊ. पहिला प्रश्न तिकडचा, मागून दुसऱ्या रांगेत हात वर आहे तो. माइक द्या त्यांना.