रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, पण कितव्या दिवशीचा?

नमस्कार. संसर्गजन्य आजारांची खात्रीची माहिती कुठे मिळते, हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की आज तोच घेऊ. कुठे, ते सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटना, आपापल्या देशाचं आरोग्य खातं, जवळचं सरकारी आरोग्य केंद्र. पानावर तारीख नसेल तर ते बंद करा. झालं.

खरी गोची पुढे आहे. माहिती बरोबर असते, पण तुमच्या दिवसाची नसते.

डेंग्यू घ्या. एनएस-१ चाचणी विषाणूचं प्रथिन (अँटिजेन) शोधते आणि ते सापडतं मुख्यतः तापाच्या पहिल्या पाच-सात दिवसांत. आयजीएम म्हणजे शरीराने बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी), ती साधारण पाचव्या दिवसापासून दिसायला लागतात. नवव्या दिवशी नुसती एनएस-१ केली आणि निगेटिव्ह आली, तर डेंग्यू नाहीच असं ठरत नाही. कमेंटमध्ये नेहमीचा सवाल: "दोन लॅब, दोन रिपोर्ट, खोटं कोण?" अहो, दोन्ही खरे असू शकतात. रक्त वेगवेगळ्या दिवशी घेतलंय ना!

एचआयव्हीचंही तेच. लॅबमधली अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी, शिरेतून रक्त घेतात ती, संसर्ग पकडायला १८ ते ४५ दिवस घेते. नुसत्या अँटिबॉडीची असेल तर २३ ते ९०. असुरक्षित लैंगिक संबंधानंतर आठवड्याने केलेल्या निगेटिव्ह चाचणीवर निर्धास्त होऊ नका. उलट संसर्ग टाळायच्या गोळ्या, पीईपी, संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करायच्या असतात, पुढे २८ दिवस. ते ७२ तास मोबाईल चाळण्यात घालवू नका.

आणि रिपोर्टवर दोन तारखा असतात, तिथेही लोक फसतात. एक नमुना घेतल्याची, एक रिपोर्ट दिल्याची. धरायची पहिली.

कुत्रा चावला तर मात्र आधी शोधाशोध नको. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजची लस घ्यायला निघा. "चार दिवस झाले, आता काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांनो, लक्षणं दिसायच्या आत उपयोग आहेच. आजच जा.

आता आजारपणात लागणाऱ्या आधाराचं. टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. काही आठवड्यांत बरं वाटतं आणि तिथेच गोळ्या सुटतात, मग आजार उलटतो, औषधांना दाद न देणारा होऊ शकतो. अशा वेळी त्यातून गेलेल्या माणसांचा गट फार कामाला येतो. मळमळ होत असताना दिवस कसा काढला, हे त्यांनाच विचारा. पण डोस बदला, गोळ्या थांबवा, आमची पावडर घ्या, असं कुणी म्हणालं की त्या गटातून सरळ बाहेर पडा.

हेल्पलाइनला फोन लावण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा: ताप कधी चढला (तारीख आणि वेळ), रक्त कधी घेतलं, कुठली औषधं चालू आहेत. "चार-पाच दिवस झाले असतील" असं सांगू नका. तारीख सांगा, दिवस ते मोजतील.